जुन्या भागातला तिसरा मजला

४ सप्टेंबर

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात, म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तुझा अर्ज पोचला. सख्ख्या बहिणीला गाठायला तिच्या ऑफिसात अर्ज करणारा भाऊ मी तरी पहिलाच पाहिला. "जुन्या शहरभागातील नव्या निवासी इमारतीच्या परिसराची पाहणी करून अहवाल मिळावा, ही विनंती." खाली तुझी सही. आमच्या साहेबांच्या लक्षात आडनावं कधी राहत नाहीत. त्यांनी कागद माझ्याच टेबलावर टाकला आणि म्हणाले, "बाई, परदेशातलं गिऱ्हाईक दिसतंय, जरा गोड लिहा." गृहकर्जाच्या या ऑफिसात मी इतकी वर्षं एकच काम करते. जागेवर जायचं, पायी फिरायचं, तिथे माणसाने राहावं की नाही ते बघायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. गोड लिहायला मला अजून कोणी शिकवलेलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

तू या घरी शेवटचं जे पाठवलंस ती बाबांसाठी चाकांची खुर्ची. कुरियरवाला ती घेऊन आला तेव्हा बाबा जाऊन आठवडा झाला होता. सही करून आईनेच घेतली, कारण मी हात लावायला तयार नव्हते. तेव्हापासून तू आईला दर रविवारी फोन करतोस, तोही नेमका मी बाजारात गेल्यावर. योगायोग असेल.

असो. कामाचं बोलू. अर्जात सगळं लिहिलंयस, इमारतीचं नाव, मजला, खोल्या. घर कोणासाठी, तेवढं लिहिलेलं नाहीस. ते कळल्याशिवाय मला गुण देता येत नाहीत. कॉलेजातल्या पोराला जी गल्ली स्वर्ग वाटते तीच तान्हं मूल असलेल्या बाईला नरक असते. माझा अंदाज विचारशील तर तू घर घेऊन कुलूप लावणार आणि तिकडे मित्रांना फोटो दाखवणार. दुरून डोंगर साजरे, हे तुला पहिल्यापासून जमतं.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

ताई

१३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. "घर आपल्यापैकीच एकासाठी आहे. तू फक्त जागा कशी आहे ते खरं खरं सांग." आपल्यापैकी! आपण उरलो तीन. मला घर आहे, आई माझ्याजवळ आहे. म्हणजे राहिलास तू. परत येतोयस तर सरळ सांगायला काय होतं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

मी आईला विचारलं, "हा परत यायचं म्हणतोय का?" ती मटार सोलत होती. "मला काय माहीत बाई," म्हणाली आणि मटार तसेच टाकून आत गेली. आनंद लपवायला गेली असणार. तू येणार म्हटल्यावर तिला मी समोर नको असते.

जागा मी दोनदा पाहिली, एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी. तुझ्या त्या रंगीत माहितीपत्रकात जे नाही तेवढंच लिहिते.

जुन्या भागातल्या इमारतींची दर्शनी भिंत पाडायची नाही असा तिथला नियम आहे. म्हणून बिल्डरने मागचं सगळं पाडलं आणि उभ्या ठेवलेल्या त्या भिंतीला पाठीमागून नवी इमारत चिकटवली. नवे मजले जुन्या खिडक्यांशी जुळत नाहीत. त्यामुळे तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बैठकीच्या खोलीतली खिडकी जमिनीलगत सुरू होते आणि कमरेशी संपते. उभ्या माणसाला समोर भिंत दिसते. रस्ता बघायचा तर खाली बसायचं. बिल्डरचा पोरगेलासा माणूस म्हणाला, "मॅडम, यालाच कॅरेक्टर म्हणतात." मी म्हटलं, "कॅरेक्टर माणसाला असतं. ही चुकलेली खिडकी आहे."

गल्ली दगडी आहे. दगड गुळगुळीत आहेत, पण सपाट नाहीत. तोंडाशी लोखंडी खांब आहेत, म्हणजे गाडी आत येत नाही. सामानाच्या गाड्यांना फक्त सकाळी सोडतात. घड्याळाच्या मनोऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी घंटा होते. पर्यटक येतात, छत्री उंच धरलेल्या बाईच्या मागे मेंढरांसारखे चालतात आणि लोकांच्या दारांचे फोटो काढतात. तुझं घर झालं की तुझ्याही दाराचे काढतील. तुला आवडेल ते.

चांगलं म्हणशील तर सावली आहे. बेकरी, औषधाचं दुकान, वाचनालय, सगळं चालत जाण्यासारखं आहे. दुकानदार दारात उभे असतात, आणि ती माणसं शोभेला उभी केलेली नाहीत, खरीच दुकानं चालवतात. हल्ली जुन्या भागात ते दुर्मिळ झालंय.

माझी एक तपासणी राहिली आहे. ती ऑफिसच्या कुठल्याच नियमात नाही, माझी मी शोधली आहे. गल्लीत जाऊन मी तिथे न राहणाऱ्या माणसाचा पत्ता विचारते. जिथे लोक न थांबता "माहीत नाही" म्हणतात तिथे दोन गुण कमी. जिथे थांबून आठवायला लागतात, शेजाऱ्याला हाक मारून विचारतात, ती गल्ली चांगली. नाव मी दर वेळी एकच सांगते, आईचं माहेरचं. त्या नावाची बाई या शहरात आता सापडणार नाही, कारण लग्नानंतर आईने ते कधी लावलेलंच नाही. इतक्या गल्ल्यांमध्ये मी आईला शोधत फिरले, आणि आई कायम माझ्या घरी जेवत होती. ऑफिसात सगळे हसतात यावर.

आईची तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस. गुडघ्यासाठी दर गुरुवारी तिला व्यायामाला पाठवते, ओळखीचा टॅक्सीवाला ने-आण करतो. फरक पडलाय, परवा आधार न घेता उठली. हे कोण करतं ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताई

२१ सप्टेंबर

तुला माहीत होतं.

मायना लिहीत नाही, आशीर्वाद तर नाहीच.

काल संध्याकाळी त्या गल्लीत गेले. कोपऱ्यावर एक म्हातारा बूट दुरुस्त करत बसतो. त्याला नेहमीचं नाव सांगितलं आणि विचारलं, "या बाई इथे कुठे राहतात?" त्याने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "गुरुवारच्या आजी ना? अजून राहायला आल्या नाहीत. यायच्यात. समोर, तिसऱ्या मजल्यावर."

मला वाटलं, याची काहीतरी गफलत होते आहे. मी नाव पुन्हा सांगितलं. त्याने दाभण खाली ठेवलं आणि पडदे शिवणाऱ्या बाईच्या दुकानाकडे बोट केलं. "तिथे विचारा. तिथेच बसलेल्या असतात."

पडदेवालीने मला खुर्ची दिली. नको म्हटलं तरी पाणी दिलं. "आजींच्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "ओळखीची."

मग ती सांगत सुटली. आजी दर गुरुवारी येतात. टॅक्सीतून खांबांपाशी उतरतात आणि दगडांवरून चालत येतात, पहिल्यांदा भिंत धरून यायच्या, आता हात मागे बांधून येतात. पडद्यांना हातशिलाई करून देतात, टाका असा की उलटी बाजू कुठली ते ओळखू येत नाही. आमच्या घरी मी तिला सुई धरू देत नाही, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. "आणि बोलतात किती छान," म्हणे. "आम्हाला हसवून हसवून मारतात." आपली आई! माझ्या घरात ती "हो", "नको" आणि "झोपते मी" एवढंच बोलते.

"त्यांना मुलगी आहे ना?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आहे की. घरं तपासायचं काम करते म्हणे. आजी म्हणाल्या, तिला आत्ताच काही कळू देऊ नका, ती इथे येईल आणि आपल्या सगळ्यांना गुण देत बसेल." आणि ती हसली. मीही हसले. काय करणार?

म्हणजे गुडघ्याला गुण आला तो व्यायामाने नाही. मी त्या व्यायामवाल्या बाईला फोन केला तर ती म्हणाली, तुमच्या आई उन्हाळ्यापासून इकडे फिरकलेल्याच नाहीत. टॅक्सीवालाही सामील. मी त्याला दर सणासुदीला आठवणीने बक्षीस देते, आणि त्याने मला हे बक्षीस दिलं.

घर तुझ्यासाठी नाहीच. तू येणार नाहीस. तू आईला माझ्या घरातून उचलून तिकडे ठेवणार, आणि ती जागा पसंत करायचं काम माझ्याकडूनच करून घेणार! नऊ वर्षं उंटावर बसून शेळ्या हाकल्यास, आता शेळी पळवायलाच निघालास. तुला लाज वाटली नाही?

रिपोर्ट अजून लिहिलेला नाही. एक वाक्य पुरेसं आहे, एवढं लक्षात ठेव. "खांबांमुळे रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकत नाही, वृद्ध व्यक्तीसाठी जागा अयोग्य." हे खोटंही नाही.

१ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. एवढी पानं तुला लिहिता येतात हे कळलं असतं तर बाबांनी शेवटचे महिने पोस्टमनची वाट पाहण्यात वेगळ्या आनंदाने घालवले असते. तू लिहितोस, "ताई, कल्पना माझी नव्हती, आईची होती. मी फक्त हो म्हटलं." मला खरं वाटलं नाही. म्हणून तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

तिने चष्मा लावला, वाचलं, घडी घातली. मग म्हणाली, "बस."

जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते, उगाच तिखटमीठ लावलं असं म्हणायला तुला जागा नको.

मी विचारलं, "मला कधी सांगणार होतीस?"

"तुझा रिपोर्ट आल्यावर."

"आणि मी जागा वाईट आहे म्हटलं असतं तर?"

"तर नसते गेले. त्यातलं तुला कळतं. तुझ्याइतकं कोणालाच कळत नाही. मीच त्याला म्हटलं, दुसऱ्या कोणाला नको, ताईलाच विचार. पण कोणासाठी ते सांगू नकोस. माझ्यासाठी आहे म्हटलंस तर ती खरं लिहिणार नाही."

तुला कळतंय का ती काय म्हणाली? माझ्या कामावर तिचा विश्वास आहे, माझ्यावर नाही. मी तिथे रडले. तुला आनंद होणार असेल तर हो.

मी म्हटलं, "माझ्या हातून काय कमी पडलं ते तरी सांग."

"काही कमी पडलं नाही गं. सगळं करतेस, आणि सगळं ऐकवतेस. गोळी देतेस तेव्हा म्हणतेस, मी आहे म्हणून वेळेवर मिळते. दूध गरम करतेस तेव्हा त्याचं नाव घेतेस, तो बघ तिकडे आरामात आहे. तुझ्या घरात दूधसुद्धा मला त्याच्या नावाने पचवावं लागतं. मी तुझी आई आहे का तुझा पुरावा?"

मग ती थोडी नरमली. माझा हात धरला.

"अकरावा मजला तू किती शोधून घेतलास. ऊन आहे, वारा आहे, चकचकीत आहे. पण माझ्याशी बोलतं कोण? लिफ्ट. तीही मजल्याचा आकडा सांगते आणि गप्प बसते."

"आणि तिथली ती खिडकी? उभं राहिलं तर बाहेरचं दिसत नाही."

"मी कधी उभी असते? खुर्चीत बसलं की अख्खी गल्ली दिसते. माझ्या मापाची खिडकी तुम्ही लोकांनी पहिल्यांदाच कुठेतरी ठेवलीत."

शेवटी मी माझं हुकमी पान टाकलं. "तिथे अँब्युलन्स दारापर्यंत येत नाही, आई. तुला काही झालं तर खांबांपर्यंत उचलून न्यावं लागेल."

"उचलायला तिथे माणसं आहेत. इथे पडले तर तू ऑफिसातून येईपर्यंत पडलेलीच."

यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव. मी उठले आणि भांडी घासत बसले, घासलेली सुद्धा पुन्हा घासली. ती आतून म्हणाली, "राहू दे, मी घासते." मी म्हटलं, "तुझ्याच्याने होणार आहे का?" आणि म्हणताक्षणी जीभ चावली, कारण ती याच वाक्यापासून पळते आहे.

एक तुला सांगते. तू शहाणा आहेस म्हणून आई तुझ्याशी बोलते असं समजू नकोस. तू दिसत नाहीस म्हणून बोलते. न दिसणाऱ्या माणसाच्या चुका दिसत नाहीत. मी रोज समोर असते. हा माझा गुन्हा.

ताई

१९ ऑक्टोबर

धाकट्या,

सोबत रिपोर्टची प्रत आहे. दहापैकी आठ.

गोड लिहिलेला नाही. पर्यटक, घंटा, ओबडधोबड दगड, पावसात पाय घसरण्याची शक्यता, सगळं आहे त्यात. रुग्णवाहिकेचं वाक्यही आहे. खूप वेळ मी तिथेच अडून बसले होते. पूर्णविराम दिला असता तर आई माझ्याकडे राहिली असती. तिने शब्द दिला होता आणि ती शब्द मोडणारी नाही. साहेब विचारत होते, "बाई, एवढा कसला विचार चाललाय, कोणाचं घर आहे?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचं."

मग मी पुन्हा तिथे गेले आणि खांब खाली घ्यायची किल्ली कोणाकडे असते ते शोधलं. बेकरीवाल्याकडे असते. आणीबाणीसाठी पालिकेनेच दिली आहे. त्याच्यासमोर उभी राहून दोनदा खांब खाली घ्यायला लावले. दुसऱ्या वेळी तो वैतागून म्हणाला, "बाई, काय आग लागली आहे का कुठे?" नीट चालतात. गाडी दाराशी येऊ शकते. तेही लिहिलं. मी अजूनपर्यंत खोटा रिपोर्ट लिहिला नाही, आणि पहिला तुझ्यासाठी लिहावा इतका काही तू लागून गेलेला नाहीस.

आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "दोन गुण कशाचे कापलेस?" मी म्हटलं, "पूर्ण गुण मी कोणालाच देत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे गं मला."

करार कर आता. उशीर करशील तर माझं मन बदलेल.

ताई

२४ जानेवारी

धाकट्या,

आई तिकडे राहायला जाऊन दोन महिने झाले. घर लावून द्यायला तू येशील असं तिला वाटत होतं. तू सोफा पाठवलास. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यातून वर चढेना, तो आता पडदेवालीच्या दुकानात आहे आणि त्यावर गल्लीतली मांजरं झोपतात. बाबांच्या खुर्चीपेक्षा बरं झालं, निदान कोणीतरी वापरतंय.

माझ्या घरी आता कोणी येत नाही आणि कोणी जात नाही. सकाळी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं, त्यासाठीही लिहिते.

जाताना आईने मला एकच अट घातली, "येण्याआधी फोन करत जा." स्वतःच्या आईकडे जायला मी परवानगी मागायची! पहिले काही आठवडे रागाने गेलेच नाही. मग गेले तेव्हा गोळ्यांचा डबा, गरम पाण्याची पिशवी, सूप, जाड मोजे असं सगळं घेऊन गेले. तिने सगळं ठेवून घेतलं, आणि आम्ही समोरासमोर बसून राहिलो. मी विचारलं, गोळ्या घेतेस ना? घेते. झोप लागते ना? लागते. मग घंटा झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिलाही वाटलं असणार.

आज पुन्हा गेले. फोन केला, पण गल्लीत पोचल्यावर, तिच्या दाराखाली उभं राहून. हातात दोन पिशव्या. वर बायकांचं हसणं ऐकू येत होतं आणि त्यात एक हसणं आईचं होतं. पटकन ओळखताच आलं नाही मला ते.

"आई, मी खालीच आहे."

"अगं, आज नको ना. बायका जमल्यात सगळ्या. शनिवारी ये. चारला ये."

"बरं."

"आणि ऐक. रिकाम्या हाताने ये."

"म्हणजे?"

"म्हणजे काही आणू नकोस. नुसती ये. बोलू."

पिशव्या बूटवाल्या म्हाताऱ्याला देऊन टाकल्या. तो म्हणाला, "वर देऊ का आजींना?" मी म्हटलं, "नको, तुमच्यासाठीच आहेत."

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही, त्याची तू काळजी करू नकोस. पण आज मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि तू देणं लागत नसलास तरी दे. मी गोळ्या, गुडघा, झोप आणि तू, एवढं सोडून आईशी कधी बोललेलेच नाही. बसून आठवलं, खरंच नाही. तू फोनवर तिच्याशी अर्धा अर्धा तास काय बोलतोस, ते मला कळव.

शनिवारच्या आत.

ताई